दामू परबचे गुडघे

आमच्या घोडपदेवच्या चाळीत दामू परब जिना उलटा उतरतो. तोंड वर, पाठ खाली, हात कठड्यावर. खालून येणाऱ्याला आधी त्याची पाठ भेटते. मी एकदा म्हटलं, "काय दामू, रिव्हर्स मारतोस?" तर म्हणतो, "अण्णा, तोंड पुढं करून उतरणारे लय बघितले. म्हातारपणी सगळे माझ्या लायनीत येतात."

वय बासष्ट. लग्न नाही, खोलीत एकटा. माणसाचं तोंड तो बघतच नाही, गुडघे बघतो. एखादं पोर जरा लंगडलं की याचा सवाल ठरलेला, "चढताना की उतरताना?" माझ्या पुतणीसाठी स्थळ बघायला त्याला नेला होता. मुलगा नोकरीत कायम, खोली स्वतःची. दामूने घरी येऊन सांगितलं, "उठताना खुर्चीचा हात धरतो. विचार करा." खालचे गावडे वारले तेव्हा बाया रडत होत्या आणि हा माझ्या कानात म्हणाला, "उजवा मात्र शेवटपर्यंत चांगला राहिला हां त्यांचा."

मी चौथी शिकलेला. पण कबड्डी मला कोणी शिकवायची नाही, मीच अख्ख्या चाळीला शिकवली. गिरणीतून सुटलो की मैदान. त्यामुळे माझी तेरा वर्षांची नात सायली गुडघा दुखतो म्हणाली, तसं मी निदान करून टाकलं. वाढीचं दुखणं. हाड वाढतं, दुखतं, जातं. औषध एकच, रोज शंभर बैठका. पोरगी सकाळी शाळेकडून खेळायची, संध्याकाळी मंडळाकडून, रविवारी दोघांकडून. यंदा मोठ्या संघाची निवड होती. तिला तिथं बघायचंच, असं मी चाळभर सांगून ठेवलं होतं.

सहा महिने झाले, दुखणं काही वाढून संपेना. एका संध्याकाळी ती गॅलरीत बैठका मारत होती, मी मोजत होतो. साठाला दामू आला.

"अण्णा, बस करा आता."

"तुला काय कळतं? टीमा घडवल्यात मी."

"मलाही तुम्हीच घडवलंत," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "चौदाचा होतो. वाढीचं दुखणं म्हणालात. अजून वाढतोच आहे मी."

सायली हसली. मला हसू आलं नाही.

"तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही बाहेर बसवलं असतंत."

दुसऱ्या दिवशी तोच तिला परळच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. मी मागोमाग, नुसता सोबतीला. बाई म्हणाल्या, खेळाचा ताण जास्त झालाय. घाबरण्यासारखं काही नाही, ऑपरेशन लागत नाही. पण आपोआप जाईल म्हणून बसू नका. बऱ्याच पोरांचं वर्षानुवर्षं रेंगाळतं, काहींचा खेळच सुटतो. खेळ बंद नको, कमी करा. मांडीला ताकद येईल असे व्यायाम सांगते, ते करा, मग हळूहळू वाढवा.

"किती दिवस?" मी विचारलं.

"महिने विचारा, आजोबा."

म्हणजे यंदाची निवड गेली. सायली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दामूशी बोलायची. संध्याकाळी त्याच्या खोलीत भिंतीला टेकून व्यायाम करायची, तो तिला धाप लागू द्यायचा नाही. मी दारावरून फक्त जायचो.

निवडीच्या दिवशी ती म्हणाली, बघायला तरी जाऊ. काळाचौकीच्या मैदानावर गेलो. बाकावर ती बसली, तिच्या बाजूला दामू. खेळ सुटल्यापासून तो कुठल्याच मैदानावर फिरकला नव्हता, हे मला तिथं गेल्यावर कळलं. कारण आता ओळी कुठं आखतात हेसुद्धा तो पोरीला विचारत होता. समोर मुली चढाईला जात होत्या. सायलीचे डोळे भरले, तेव्हा दामूने तिच्याकडे बघितलं नाही. नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

माफी मागायची रीत आमच्यात नाही. मी उभाच होतो. शेवटी वाकून विचारलं, "दामू, दुखतो का रे अजून?"



"रोज, अण्णा," तो म्हणाला. आणि थोडा सरकून त्याने मला बाकावर जागा केली.