तारमास्तरांच्या नजरेची तपासणी

तिसऱ्यांदा फाटकावर डावा आरसा फुटला, तेव्हा निवृत्त तारमास्तरांच्या बायकोने स्कूटरची किल्ली जप्त केली आणि नवऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

"फाटकच अरुंद आहे हो," मास्तर म्हणाले.

"काचबिंदू असू शकतो," डॉक्टर म्हणाले. "एका प्रकारात डोळा लाल होतो, ठणकतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. माणूस धावतच येतो. दुसरा गुपचूप कडेची नजर खातो. काहींचा तर डोळ्यातला दाब चांगला असूनही आतली नस सुकते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली मात्र थेंब घालून राखता येते."

"मला कुठं ठणकतंय? म्हणजे नाहीच!"

"नजरेचा घेर तपासू. चांगला निघाला तर खुशाल स्कूटर चालवा."

मास्तरांना एवढंच हवं होतं. अंधाऱ्या खोलीत यंत्रावर हनुवटी टेकायची आणि बारीक दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. मास्तरांनी दिव्याची वाटच पाहिली नाही.

"काका, दिवा लागायच्या आधीच दाबताय!" यंत्रावरचा माणूस म्हणाला.

"अनुभव आहे."

दुसऱ्या खेपेला तो वैतागला. "आता तर तुम्हाला डोक्यामागचंही दिसतंय!"

तिसऱ्या खेपेला मात्र मास्तरांचा हात त्यांचं ऐकेना; बटणावर आपोआप ठोके पडू लागले. तीस वर्षं त्या हाताने लांब-आखूड ठोक्यांनी माणसांची सुखदुःखं तारेवरून धाडली होती. काय दिवस होते ते! दोन गावांतली दोन तारघरं, मधे एक तार, आणि पलीकडच्या टोकाला कळ दाबणारी हीच बायको. एकमेकांचं तोंडही न पाहता, नुसत्या ठोक्यांवर लग्न ठरलं. आता तो आवाज कुठेच ऐकू येत नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

भिंतीशी बसलेली बायको एकदम ताठ झाली. "यंत्र थांबवा. ते काय सांगताहेत, ते मी वाचते."

"काकू, काका तर गप्प आहेत."

"बटण बोलतंय ना!" तिने कान देऊन एकेक शब्द उच्चारला. "डावीकडचं... दिसत नाही... भीती वाटते... बायकोला... सांगू नका."

मास्तरांचं बोट जागच्या जागी थिजलं. बायको उठली, शेजारी आली आणि त्यांच्या मनगटावर बोटाने बराच वेळ टकटक करत राहिली.

"काय म्हणाल्या?" यंत्रावरच्या माणसाला राहवेना.

"खासगी तार आहे," मास्तर डोळे पुसत म्हणाले. त्यांनी हनुवटी पुन्हा टेकवली आणि या वेळी दिवा दिसेपर्यंत थांबले.