कुत्र्यांच्या आंघोळीचा परवाना

ईराने, माझ्या मुलीने, पुण्यात कुत्र्यांना आंघोळ घालायचा, त्यांचे केस कापायचा कोर्स केला आणि आमच्या महाडच्या घराच्या पुढच्या खोलीत त्याचंच दुकान काढायचं ठरवलं. दोन महिन्यांत परवाना मिळाला नाही, तर पुण्यात नोकरी तयार होती. मी म्हणालो, "कागदपत्रांचं माझ्यावर सोड." (परवाना विभागात एकतीस वर्षं कारकुनी केली आहे. एकट्यासाठी कुकर लावणं जमत नाही, हे दुसरं कारण सांगितलं नाही.)

शेजाऱ्यांची ना-हरकत आणायला ठमाबाईंकडे गेलो.

"कुत्र्याच्या आंघोळीला परवानगी लागते?"

"धंदा आहे ना, ठमाबाई."

"आमचा म्हातारा चार-चार दिस आंघोळ करत नाय. त्याची तक्रार कुठं करायची?"

सही मात्र केली.

मग सांडपाण्याचा नकाशा, कापलेल्या केसांच्या विल्हेवाटीचं हमीपत्र, लसीकरणाची नोंदवही (रकाने मीच पट्टीने आखले). फाईल घेऊन माझ्याच जुन्या टेबलासमोर उभा राहिलो. तिथे आता सुशांत बसतो. त्याला काम मीच शिकवलं.

"सर, घरमालकाची संमती?"

"मीच की मालक."

"घरपट्टी नीलावहिनींच्या नावावर आहे."

"ती जाऊन तीन वर्षं झाली, सुशांत. तू आला होतास."

"हो सर. पण अर्ज अपूर्ण असेल तर सख्ख्या बापाचाही घ्यायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

शिकवलं होतं. (वर चहा पाजून.)

वारसनोंदीला मृत्यूचा दाखला लागतो. तो कपाटात होता. पंधरा झेरॉक्स प्रती, सगळ्या साक्षांकित. एकही कुठे दिली नव्हती. घरपट्टीच्या पावतीवर दरवर्षी नीलाचं नाव छापून येई, ते बरं वाटे. (हे कारण लिहायला अर्जात रकाना नाही.)

ईराला सांगितलं.

"पावती मी फ्रेम करून देते, बाबा. नोंद करून टाका."

केली. परवाना मुदतीच्या चार दिवस आधी आला.

उरला दुकानाच्या नोंदणीचा फॉर्म. तो ईरानेच मोबाईलवर भरला. कामगार : एक. नाव : कमलाकर, म्हणजे मी. मी खूश. मोबाईलशेजारी तिची स्वतःची वही होती. त्यात माझ्या नावापुढे काम : ओलं कुत्रं धरून ठेवणे. अनुभव : नाही.

"एकतीस वर्षं लोकांची कामं केली मी!"

"म्हणूनच, बाबा," ती म्हणाली. "कुत्र्याला 'उद्या या' सांगता येत नाही."