एकोणसत्तर सेकंदांचा मानकरी

माझ्या ड्रायव्हिंगमध्ये काडीचाही दोष नाही, हे मी छातीठोकपणे सांगायचो! दोष गाडीचा. शर्यतीच्या गाड्यांना असतो तसा मागे मोठा पंख नाही, ब्रेक साधे. असल्या गाडीत साक्षात देव बसवला तरी शेवटचा येईल!

वर्षभर हेच ऐकून माझी बायको बर्नडेट वैतागली. "हे बघ रसेल, आहे त्याच गाडीत ट्रॅकची एक फेरी सत्तर सेकंदांत मार. मग पंख लाव, नाहीतर शिंगं लाव! नाही जमलं, तर पुन्हा पार्टचं नाव काढायचं नाही."

माझी आजवरची सगळ्यात चांगली फेरी ब्याऐंशीची. पण क्वीन्सलँडचा गडी मागे हटतो होय!

शनिवारी ट्रॅकवर शिकवायला मॉरीनबाई शेजारी बसल्या. वय अडुसष्ट. दोन वळणांतच म्हणाल्या, "अरे बाळा, पायाखाली साप आल्यासारखा ब्रेक काय मारतोस? सरक, दाखवते!"

त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. मी शेजारी बसून, डोळे घट्ट मिटून सगळं नीट पाहिलं.

वेळ मोजतं गाडीवरचं यंत्र. आत स्टिअरिंगवर कोण आहे, हे त्याला काय कळणार! फलकावर झळकलं: रसेल, एकोणसत्तर!

पावात गुंडाळलेलं सॉसेज घेऊन बर्नडेट धावत आली. "रसेल! एकोणसत्तर?"

मी तोंड उघडलं आणि त्यात सॉसेज कोंबलं. म्हणजे खोटं असं काही बोललो नाही!

पण सत्तरच्या आत आलेल्याला पुढच्या खेपेला वेगवान गटात घालतात. घातलं ना मला! सगळ्या गाड्या भुर्रकन पुढे. 'मागच्याला वाट दे' म्हणणारा निळा झेंडा माझ्यासाठी इतका हलला, की झेंडेवाल्याचा हात भरून आला असेल. शेवटी एका वळणावर घाबरून ब्रेक दाबला, गिरकी घेतली आणि खडीत रुतलो!

गाडी ओढून आणली. बर्नडेटचा चेहरा एवढासा झालेला. "ब्रेकच गेले असणार! तुझंच खरं होतं रे. उद्याच नवे घेऊ. पंखही घेऊ!"

वर्षभर मागत होतो ते आयतं पदरात! पण तिचे हात थरथरत होते. मला बघवेना. "ब्रेक ठीक आहेत गं," मी म्हणालो. "त्या फेऱ्या मॉरीनबाईंच्या होत्या."

थरथर एकदम थांबली. "माहितीये," ती म्हणाली. "कधी बोलतोस, तेच बघत होते."

"हेल्मेटवरून ओळखलंस?"

"हेल्मेट कशाला! एकोणसत्तरच्या फेरीत गाडीने वळणावर एकदाच ब्रेक मारला. बावीस वर्षं तुझ्या शेजारी बसतेय. तू आपल्या फाटकातून आत शिरतानासुद्धा चारदा मारतोस!"

"पाचदा," मी पुटपुटलो. आता खरं बोलायचंच ठरवलं होतं ना!