ब्रुनोराव जेवत नाहीत

आमच्या शेजारचे विश्वंभरकाका अजगराला 'अहो' म्हणतात.

बायकोला जन्मभर 'ए', मुलाला 'काय रे गाढवा', आणि टँकरवाल्याला जे म्हणतात ते मी इथं लिहू शकत नाही. पण काचेच्या पेटीत पडून राहणाऱ्या त्या चार फुटी प्राण्याला मात्र, "अहो ब्रुनोराव, उठा. पान वाढलंय!"

ब्रुनो म्हणजे बॉल पायथन. परदेशी जातीचा आखूड, जाडसर अजगर. भ्यायला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवतो. काकांचा मुलगा निखिल नोकरीला जर्मनीला गेला, तेव्हा "सहाच महिने सांभाळा बाबा" म्हणून ठेवून गेला. त्याला तीन वर्षं झाली. मधेच काकू गेल्या. घरात उरले काका आणि ब्रुनोराव. "कागदपत्रं सगळी रीतसर आहेत बरं का," हे काका कुणी न विचारताच सांगतात. जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत हयात घालवलेला माणूस, त्याला साप चावायची भीती नाही, कागद कमी पडायची आहे.

काका मूळचे पाचोडचे. वडील भिक्षुकी करायचे, घर सोवळ्याओवळ्याचं, कांदासुद्धा चातुर्मासात हद्दपार. आता त्याच घराण्याच्या फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात लोणी आणि वरच्या कप्प्यात गोठवलेले उंदीर. एकदा मी बर्फ मागायला गेले तर काका म्हणाले, "घ्या की ताई, उजवीकडचं घ्या. डावीकडं ब्रुनोरावांचा शिधा आहे." त्या दिवसापासून आमच्या घरी कोमट सरबत पितात.

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला होता. पैठण रोडला आमच्यासारख्या कॉलन्या भराभर उठल्या, पण नळाला पाणी आठ-आठ दिवस नाही. अशात काका गोठलेला उंदीर कोमट पाण्यात भिजत घालायचे आणि मग ते पाणी मोगऱ्याला टाकायचे. पाणी वाया घालवायचं नाय, हा त्यांचा बाणा. मी अख्खा उन्हाळा त्या मोगऱ्याचे गजरे माळत होते. हे कळलं तेव्हा मी काकांशी चार दिवस बोलले नाही.

पण काकांची खरी ख्याती वेगळीच. पाचोडच्या पंचक्रोशीत त्यांच्यासारखा वाढपी झाला नाही. लग्न कुणाचंही असो, काका जिलेबीचं ताट घेऊन पंगतीत उतरले की भलेभले पानावर आडवे हात धरायचे. काका त्या हातावर जिलेबी ठेवायचे. "लाजायचं नाय. घर आपलंच आहे!" एका नवरदेवाच्या मामाला त्यांनी इतका आग्रह केला की मामा वरातीला उठलेच नाहीत, मांडवातच झोपले. "आपल्या पंगतीतून उपाशी कुणी उठलं नाय," हे सांगताना काकांची छाती अजून फुगते.

आणि काकू गेल्यावर थोड्याच दिवसांत, अशा माणसाच्या घरी ब्रुनोरावांनी अन्न सोडलं. एक आठवडा, दोन आठवडे, करता करता पाच महिने! काका दर शनिवारी चिमट्यात उंदीर धरून पेटीत हलवायचे. "एक तरी घ्या. बरं, अर्धा घ्या. माझ्यासाठी घ्या!" ब्रुनोराव डोकं आत ओढून चेंडू.

"काका, उपास असेल," मी म्हणाले.

"पाच महिन्यांची एकादशी असते व्हय?"

निखिलचा फोन आला आणि प्रकरण चिघळलं. बाबा, तुम्हाला जमत नाही, महिन्याभरात तो जेवला नाही तर पुण्याचा माझा मित्र येऊन त्याला घेऊन जाईल, असं त्यानं सांगून टाकलं. काका फोन ठेवून आमच्याकडे आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. "त्यांना नेणार म्हणतो, ताई. मग मी त्या घरात कुणाशी बोलायचं, भिंतींशी?" मला पहिल्यांदाच त्यांची थट्टा करवेना.

शेवटी मी त्यांना जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. ब्रुनोराव उशीच्या अभ्र्यात, अभ्रा काकांच्या मांडीवर, आणि आम्ही रिक्षात. गुलमंडीच्या गर्दीत रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. "क्या चचा, थैली में क्या हिल रा?"

"पाहुणे आहेत," काका म्हणाले. "तुम्ही समोर बघा."

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण हुशार. वजन केलं, तोंड उघडून पाहिलं. "आजार काही नाही. पण वजन उतरायला लागलंय, आता खायलाच हवं. खायला देता तेव्हा तुम्ही कुठं असता?"

"कुठं म्हणजे? समोर. पंगतीला."

"पंगतीला?"

मग काकांनी जे सांगितलं, ते ऐकून मी कपाळाला हात लावला. पेटीभोवती रांगोळी. शेजारी उदबत्ती. पेटीसमोर पाट, पाटावर काका, आणि पुढ्यात त्यांचं स्वतःचं ताट. आधी श्लोक, मग उंदीर, मग काचेवर टकटक करून "सावकाश होऊ द्या!" आणि हे फक्त शनिवारी नाही. उंदीर शनिवारीच, पण काका रोज दोन्ही वेळा तिथंच बसून जेवायचे.

बाईंनी हसू दाबलं. "काका, हा भित्रा प्राणी आहे. कुणी टक लावून बघत असलं की तो खात नाही. उदबत्ती बंद, टकटक बंद. संध्याकाळी उंदीर आत ठेवायचा, पेटीवर कापड टाकायचं आणि खोलीचं दार लावून यायचं. सकाळपर्यंत डोकवायचं नाही. आणि रोजचं तुमचं तिथलं जेवणही बंद."

"एकट्याला ताटावर बसवून निघून यायचं?" काकांना हे झेपेना. "ही काय रीत झाली?"

"त्याला तसंच आवडतं."

काकांनी अभ्र्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "जगायला पाहिजेत ते. बरं."

शनिवारी संध्याकाळी त्यांनी सांगितल्याबरहुकूम केलं आणि आमच्या ओसरीवर येऊन बसले. चुळबूळ चुळबूळ. "जरा बघून येऊ का?" मी दटावलं. सकाळी सहाला आमच्या दाराची कडी वाजली. दारात काका, धोतराचा सोगा हातात. "जेवले! ताई, ब्रुनोराव जेवले! उंदराची शेपटीसुद्धा ठेवली नाय!" आणि तिथंच पायरीवर बसून रडले की हो. मीही रडले. अजगरानं उंदीर खाल्ला म्हणून आम्ही दोघं सकाळी सहाला रडत होतो, आणि दूधवाला आमच्याकडे बघत उभा.

पुढच्या शनिवारीही जेवले. त्याच्या पुढच्याही. निखिलनं पुण्याच्या मित्राला नाही म्हणून कळवलं. ब्रुनोरावांच्या अंगावर तकाकी आली.

उतरायला लागले ते काका. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. विचारलं तर "ऊन लई आहे" म्हणायचे. एका दुपारी टँकर आला म्हणून हाक मारायला मी त्यांच्या मागच्या दारी गेले, तर काका ओट्याशी उभे. ताट नाही, पाट नाही. पातेल्यातच भात कालवून दोन घास घेतले आणि उरलेलं झाकून ठेवलं.

"काका, हे काय जेवण?"

ते दचकले. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला. मग हात धुता धुता म्हणाले, "ते जेवत नव्हते ना ताई, पण समोर तर असायचे. तेवढ्यावर माझा घास उतरायचा. ही गेल्यापासून एकट्याला खाली जातच नाय बघा. ब्रुनोरावांना जमतं एकट्यानं. चांगलं आहे त्यांचं."

माझी जीभ कुणाला सोडत नाही. शेजारी राहून दोन वर्षं मी या माणसाच्या उंदरांवर हसत होते, आणि तो रात्री काय खातो, हे कधी विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"टँकर गेला खड्ड्यात," मी म्हणाले. "ताट घ्या आणि चला."

"नको नको, तुमच्याकडं आज..."

"ताट घ्या म्हणते ना!"

काका मुकाट्यानं निघाले. चप्पलसुद्धा घातली नाही. पिठलं होतं आणि ज्वारीची भाकरी, दुसरं काही नाही. ते खाली मान घालून जेवायला बसले आणि मी त्यांच्या समोर बसले. माझं जेवण झालं होतं, तरी मी एक भाकरी माझ्याही ताटात वाढून घेतली.