चांदोरकर काकांचं खंडन

चांदोरकर काकांना माझ्या हातचे पोहे आवडले की ते म्हणत, "उत्तम." मग बशी खाली ठेवून, घसा साफ करून म्हणत, "आता खंडन." मोहरी नीट तडतडली नव्हती इथपासून सुरुवात करून ते त्या पोह्यांची अशी काही चिरफाड करत की आपण पुन्हा कधी कढई हातात धरू नये असं वाटावं. आणि मग उरलेले पोहे चाटूनपुसून संपवत.

हे पोह्यांपुरतंच असतं तर मी समजू शकले असते. कुणी नवी गाडी घेतली की, "छान गाडी. आता खंडन." कुणाचं ग्रीन कार्ड आलं की, "अभिनंदन. आता खंडन." आमच्या अर्विंग गावातल्या एका मुलाने साखरपुड्याचे पेढे दिले तेव्हाही काकांनी हा क्रम मोडला नाही. त्याच्या होणाऱ्या बायकोने पेढ्यांचा डबा बंद करून परत पर्समध्ये ठेवला.

काका माझ्याच अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर राहायचे. एका विमा कंपनीत जुन्या मेनफ्रेम कॉम्प्युटरवर काम करून करून निवृत्तीला आलेले, साठीचे, एकटे. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती. एकुलती एक मुलगी केतकी, जन्माने अमेरिकन, दूर शॉमबर्गला वकिली करायची. मी चार वर्षांपूर्वी सांगलीहून सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर आले होते. आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी वडिलांच्या युनियनची पत्रकं वाचली जायची, त्यामुळे माणसाने एकदा बाजू घेतली की ती सोडायची नाही, असं माझं मत होतं. काकांचं एकाच तोंडाने दोन्ही बाजू बोलणं मला भयंकर खटकायचं.

"काका, तुम्हाला नक्की म्हणायचंय काय? पोहे चांगले की वाईट?"

"अगं, खंडन जोडल्याशिवाय चांगलं म्हणायला परवानगी नाही."

ही परवानगी पुस्तकांतून आली होती. ऑफिस सुटलं की काकांचं खरं आयुष्य सुरू व्हायचं, आणि ते साधारण साडेचारशे वर्षांपूर्वीच्या युरोपात चालायचं. लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत त्यांना एकदा एक लॅटिन ग्रंथ मिळाला होता. तो वाचायचा म्हणून ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लॅटिन शिकले. तेव्हापासून एकच ध्यास: रेनेसान्सच्या काळात युरोपातल्या विद्वानांनी इस्लामचा अभ्यास कसा केला. गावात एकही अरब नाही, शब्दकोश नाही, तुर्कांची फौज दाराशी आलेली, आणि हे गृहस्थ मेणबत्तीपाशी अरबी अक्षरं गिरवताहेत. काकांना ही मंडळी सख्ख्या मामांसारखी होती.

त्यांचा सर्वांत लाडका किस्सा बाझल शहरातल्या एका छापखानेवाल्याचा. त्याने कुराणाचं लॅटिन भाषांतर छापायला घेतलं म्हणून नगरपालिकेने त्याला आत टाकलं आणि छापलेले ताव जप्त केले. मोठमोठ्या लोकांनी रदबदली केल्यावर पुस्तक सुटलं, पण अटींवर. छापणाऱ्याचं नाव नको, गावाचं नाव नको. आणि पुस्तकात मूळ ग्रंथाच्या पुढेमागे त्याची खंडनं जोडलेली.

"म्हणजे व्हिसाच तो," काका खुलून म्हणायचे. "स्पॉन्सर असेल तर आत या. खंडन हा कुराणाचा स्पॉन्सर."

"हा अपमान आहे," मी म्हणायचे.

"आहेच. पण पुस्तक बाहेर आलं ना? लोकांनी खंडन चाळलं असेल नाहीतर नसेल. ग्रंथ तर हातात पडला."

दुसरा किस्सा व्हेनिसचा. तिथल्या एकाने चक्क अरबी लिपीत कुराण छापलं, तुर्कांना विकायला म्हणून. इतक्या चुका, की ज्याला ते वाचता येईल तो विकत घेणार नाही, आणि जो विकत घेईल त्याला वाचता येणार नाही. काका डोक्याला हात लावायचे. "एक अरब टेस्टर ठेवला नाही गं! न तपासता थेट प्रॉडक्शनला रिलीज!"

स्वतः काकांनीही टेस्टर ठेवला नव्हता. त्यांचं अरबी त्याच विद्वानांच्या व्याकरणातून आलेलं. एकदा मला घेऊन ते एका लेबनीज माणसाच्या फलाफलच्या दुकानात गेले आणि काउंटरशी उभे राहून दोन मिनिटं अस्खलित काहीतरी बोलले. मालकाने हात पुसले, नीट ऐकून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाला, "सर, माझ्या खापरपणजोबांना तुम्ही फार आवडला असता. लोणचं घालू?"

काका आठवडाभर खूश होते.

दोन हजार चार साली इथल्या मराठी मंडळाने काकांना व्याख्यानाला बोलावलं. म्हणजे ठरलेला वक्ता गळाला, आणि काका फुकट होते. काकांना मात्र हर्ष मावेना. वीस वर्षांचा अभ्यास, आणि पहिल्यांदा कुणी 'बोला' म्हणालं होतं. त्यांनी इस्त्रीचा सदरा काढून खुर्चीच्या पाठीला लावून ठेवला, कार्यक्रमाला पाच आठवडे असताना.

मग मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर कर्णिक आले. हे दातांचे डॉक्टर, मनाने चांगले, पण भित्रे. विषय ऐकून त्यांचा चहा बशीत सांडला.

"काका, इस्लाम? आत्ता? इराकमध्ये वॉर चाललंय. आपल्या लोकांची ग्रीन कार्डं पेंडिंग आहेत यार."

"अहो, सोळाव्या शतकातलं आहे."

"ते तुम्हाला माहितीय. हॉलवाल्याला माहितीय का?" कर्णिकांनी रुमालाने बशी पुसली. "असं करू. तुमचं लेक्चर कॅन्सल नाही करायचं. पण तुमच्यानंतर मी वीस मिनिटं बोलतो. दुसरी बाजू. बॅलन्स पाहिजे."

मी तिथेच बसले होते. माझं डोकं फिरलं. त्या वर्षांत आमच्या ऑफिसात दाढीवाला माणूस लिफ्टमध्ये शिरला की लोक आपापल्या फोनकडे बघायला लागायचे; आणि इथे आपलीच माणसं साडेचारशे वर्षं जुन्या अभ्यासालाही जामीन मागत होती. मी काकांकडे पाहिलं. हा माणूस आता उठेल आणि म्हणेल, अटीवर बोलणार नाही.

काका म्हणाले, "अरे वा! खंडन जोडणार?"

त्या रविवारी मी एक पत्रक लिहिलं, 'विचाराला जामीन कशाला?' दीडशे प्रती काढल्या आणि देवळाच्या पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीच्या वायपरखाली खोचल्या. त्यात कर्णिकांना भित्रे म्हटलं होतं आणि काकांना, नाव न घेता, लाचार. काकांनी पत्रक वाचलं. "जोरदार आहे," म्हणाले. पुढचं बोलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या एखाद्या गोष्टीचं खंडन केलं नाही, आणि मला झोंबलं.

खरी गंमत पुढे झाली. कार्यक्रमाच्या आदल्या शनिवारी कर्णिक पुन्हा आले. दोन पुस्तकं उघडली होती म्हणाले, झोप आली. रूट कॅनालच्या मधल्या वेळात रेनेसान्स होत नाही.

"काका, एक फेवर करा. तुम्हीच पॉइंट्स लिहून द्या. मी वाचतो."

"माझ्या व्याख्यानाचं खंडन मीच लिहू?"

"तुमच्याइतकं त्यातलं कुणाला कळतंय?"

काकांनी चार दिवस ऑफिसला रजा टाकली. व्याख्यानासाठी टाकली नव्हती.

एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतलं होतं. चाळीसेक माणसं, मागे साबुदाणा वड्यांचा वास. काका सुंदर बोलले. बाझल, व्हेनिस, मेणबत्ती. शत्रूचा ग्रंथ समजून घ्यायला म्हातारपणी नवी लिपी शिकणारे लोक. टाळ्या पडल्या, वड्यांच्या आधी पडतात तेवढ्या.

मग कर्णिक उठले आणि कागद वाचायला लागले. त्यांना हवी होती ती 'दुसरी बाजू' त्यात नव्हतीच. खंडन इस्लामचं नव्हतं, काकांच्या लाडक्या विद्वानांचं होतं. हे लोक समजून घ्यायला वाचत नव्हते, हरवायला वाचत होते. ग्रंथाच्या समासात त्यांनी शिव्या लिहिल्या. ज्यांच्याकडून अरबी शिकले ते कित्येकदा पकडून आणलेले कैदी होते. त्या शिक्षकांची नावं कुणी जपली नाहीत. आणि शेवटी: 'आमचे वक्ते यांच्या चिकाटीवर इतके भाळले आहेत, की चिकाटी कशासाठी होती हे विचारायलाच विसरले. प्रेमाने माणूस आंधळा होतो, वक्तेही झाले.'

मग खरोखरच्या टाळ्या पडल्या. कर्णिक कागदाकडे असं बघत राहिले, की जणू एखादा दात स्वतःहून बाहेर आला. मी खाली मान घातली. माझ्या अख्ख्या पत्रकात नुसता राग होता, इथे प्रत्येक वाक्याला पुरावा होता.

परतताना गाडी मी चालवत होते. सिग्नलला थांबल्यावर मी विचारलं, "काका, स्वतःविरुद्ध इतकं कडक लिहायला जमलं कसं?"

"मी कुठे लिहिलं? केतकी बोलली, मी उतरवून घेतलं."

मला कळलं नाही.

"शाळेत असताना ती असंच बोलायची. रोज जेवताना. मी काही सांगितलं की काटा खाली ठेवायची. 'बट बाबा, व्हॉट फॉर? व्हाय डिड दे वॉन्ट टु नो?' मी लॅटिन शिकलो ना, ते निम्मं तिला उत्तर देता यावं म्हणून." काका खिडकीबाहेर बघत होते. "हल्ली फोन करते. दर रविवारी, चुकवत नाही. मी काहीही म्हटलं की 'शुअर, बाबा.' परवा मुद्दाम म्हटलं की पृथ्वी सपाट आहे असं वाटायला लागलंय. 'शुअर, बाबा. बीपीची गोळी घेतलीत ना?'"

सिग्नल कधीचा हिरवा झाला होता. मागच्याने हॉर्न दिला.

घराशी उतरताना ते म्हणाले, "तिला मराठी वाचता येत नाही. ते खंडन इंग्रजीत करून पाठवशील? मी पाठवलं तर ती न वाचता छान म्हणेल."

मी भाषांतर केलं. वर दोन ओळी लिहिल्या: तुझ्या बाबांचं व्याख्यान झालं, त्याला हे उत्तर दिलं गेलं, इथले दातांचे डॉक्टर कर्णिक यांनी वाचलं. कुणी लिहिलं ते मी लिहिलं नाही. अर्धवट सांगणं माझ्या तत्त्वात बसत नाही, पण विचारलं तर खरं सांगायचं असं ठरवून मी बटण दाबलं.

शनिवारी सकाळी तिची मेल आली. तीन पानं. पहिलंच वाक्य: 'हू इज धिस डेंटिस्ट?' त्यापुढे एकेक मुद्दा घेऊन तिने उत्तर दिलं होतं, कोर्टात द्यावं तसं. माझ्या वडिलांनी दिवसभर नोकरी करून रात्री स्वयंपाकघरात बसून एक मेलेली भाषा शिकली, ते कुणाला हरवायला नाही. शत्रू म्हणून वाचायला बसलेला माणूसही वाचता वाचता बदलतो, हे त्यांनी मला दहाव्या वर्षी समजावलं होतं. या दातवाल्याला अजून समजलेलं नाही.

मी प्रिंट काढून खाली नेली. काकांनी चष्मा लावून उभ्याउभ्याच वाचली. एकदा. मग पुन्हा पहिल्यापासून.

"काका, ती तुमच्या बाजूने भांडलीये."

"हो," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि दुसऱ्या पानावर एका ओळीखाली रेघ मारली. "पण इथे चुकलीये. साफ चुकलीये."

वार शनिवार होता. तरी त्यांनी फोन लावला.

"केतकी? बाबा बोलतोय. हो, घेतली गोळी. ते राहू दे. तुझा दुसरा मुद्दा टिकत नाही."

पलीकडून मला दारापर्यंत ऐकू आलं, "एक्सक्यूज मी?"

काकांनी पायाने खुर्ची ओढली आणि बसले. मी बाहेर येऊन दार लावून घेतलं.