पपई कुणाच्या तोंडी

बात्सेबाच्या अंगणातल्या झाडाच्या ढोलीत लालभडक पोपट राहायला आला, तेव्हापासून शेजारच्या ओक्तोविनाच्या पोटात दुखत होतं. रविवारी चर्चमधून परतणारं अख्खं गाव बात्सेबाच्या अंगणात माना वर करून उभं राही, आणि बात्सेबा जणू तो रंग आपणच दिल्याच्या थाटात सगळ्यांना चहा पाजी.

म्हणून एक हिरवा पोपट ओक्तोविनाच्या खिडकीत यायला लागला, तेव्हा तिला स्वर्ग दोन बोटं उरला. नवऱ्याच्या ताटातली पपई तिनं उचलून त्याच्यापुढे ठेवली.

"अगं, मी खात होतो ना!" बास्तियान म्हणाला.

"तुमचं मेलं रोजचंच आहे. त्याची चोच बघा, पिकल्या आंब्यासारखी!"

पण हा पोपट पपई चोचीत भरायचा नि भुर्रकन उडून जायचा. आठवड्यानं ओक्तोविना त्याच्या मागोमाग कुंपणापर्यंत गेली, आणि जागीच थिजली. तिची पपई तो त्या लाल पोपटाला घास घास भरवत होता!

"बात्सेबा! तुझ्या त्या लाल भवानीला आवर! माझ्या पोराला नादी लावलंय तिनं!"

"तुझंच पोर माझ्या दारात घिरट्या घालतंय, ताई. बांधून ठेव की घरी!"

ओक्तोविनानं खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी हिरवा स्वयंपाकघराच्या दारातून आत घुसला, फडताळावर आपटला आणि थेट साबूदाण्याच्या खळीसारख्या पापेड्याच्या पातेल्यात पडला. नशीब, पापेडा कालचा, गार होता. बास्तियाननं त्याला बाहेर ओढलं, तर पोपटाबरोबर वीतभर चिकट तारही आली. चार पाण्यांनी धुऊनही पंख चिकटलेलेच. उडणं बंद. तो ओक्तोविनाच्या खांद्यावर बसून राहिला आणि ती मनातून सुखावली.

तिकडे ढोलीतून अर्धपोटी किंकाळ्या सुरू झाल्या. पलीकडच्या शाळेत शिकवणं अशक्य झालं, तेव्हा सॉलोमन गुरुजी तणतणत आले.

"अहो, भांडता काय? एकाच जातीचे आहेत ते! हिरवा नर, लाल मादी. ती अंडी सोडून हलत नाही, म्हणून हा तिला भरवतो."

 ओक्तोविनानं पदरचं शेवटचं शहाणपण गोळा केलं, केस नीट केले, पपईची बशी घेतली आणि खांद्यावर पोपट घेऊन बात्सेबाच्या अंगणात शिरली.

"सुनेला बघायला आलेय. वरमाईला खुर्ची देतेस की उभीच ठेवतेस?"

बात्सेबानं दात-ओठ खात खुर्ची दिली. चहाचं आधण ठेवलं. इतक्यात पंखांची फडफड झाली. दुसराच एक हिरवा ढोलीशी उतरला आणि लाल मादीला केळं भरवू लागला. ती मिटक्या मारत खातही होती.

"हा कोण उपटसुंभ?" ओक्तोविना ताडकन उठली.

"अशा मादीला दोघं-तिघं नर भरवतात," गुरुजी चाचरत म्हणाले. "हा... आमच्याकडचा. आमची ही त्याला रोज केळी घालते."

दोघीजणी गुरुजींकडे एकदमच वळल्या. गुरुजींनी शाळेची वाट धरली.

ते नजरेआड झाले. तशी बात्सेबा खुर्ची ओढून ओक्तोविनाजवळ सरकली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तुझ्या झाडाला पपया अजून आहेत ना गं?"