दशरथची एनओसी

सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन दशरथ निघाला, तेव्हा सेक्रेटरी बबनरावांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता आणि जिन्यातला दिवा गेलेला होता. पाय घातला ती चप्पल बबनरावांचीच निघाली. सकाळी तो आपणहून ती परत द्यायला गेला आणि तिथेच फसला. एवढं कबूल करणाऱ्याने न सांगितलेलं किती असेल, या विचाराने शांती नगरातली ती बिल्डिंग अस्वस्थ झाली.

मग कुणाची दुधाची पिशवी, कुणाचा सायकलचा पंप, सगळं दशरथच्या नावावर जमा होऊ लागलं. पांड्याभाईंचे गच्चीवरचे पापड कावळ्यांनी नेताना चौघांनी पाहिले होते, तरी तेही त्याच्याच नावावर गेले. तो जिन्यात दिसला की बायका आधी चपला आत घेत आणि मग गोड हसून विचारत, "काय, जेवण झालं का?"

दशरथचा जीव टांगणीला लागला. फ्लॅट भाड्याचा, करार संपत आलेला. सोसायटीची एनओसी मिळाली नाही तर बिऱ्हाड हलवावं लागणार.

"पोरीची शाळा अर्ध्यावर आहे हो," त्याची बायको सुचेता रडकुंडीला येऊन म्हणाली.

एनओसीच्या मीटिंगच्याच दिवशी बबनरावांच्या नीलिमावहिनी कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आल्या आणि वाऱ्याने दार आपटलं. चावी आत, गॅसवर खीर.

"दशरथभाईने बोलावो ने! ए तो एक्सपर्ट छे!" पांड्याभाई ओरडले.

"अहो, मी विमा कंपनीत क्लार्क आहे," दशरथ कळवळून म्हणाला.

"लाजताय काय? खीर करपतेय माझी!"

वैतागून त्याने दाराला खांदा लावला. लॅच नीट बसलंच नव्हतं. दार उघडलं.

"आवाजसुद्धा नाही झाला!" कुणीतरी कौतुकाने कुजबुजलं.

संध्याकाळी दशरथ तोंड पाडून मीटिंगला बसला. सुचेताने सामानासाठी खोकीही आणून ठेवली होती. बबनराव उभे राहिले.

"एनओसी देऊन टाकू या. नवा भाडेकरू कसा निघेल, कुणी सांगावं? हा निदान आपला चोर आहे. शिवाय अडीअडचणीला उपयोगी पडतो."

सगळ्यांचे हात वर झाले. बबनरावांनी पेन काढलं. आता गप्प बसायचं, तर दशरथला राहवलं नाही.

"अहो, पण मी चोर नाहीये!"

पेन कागदावर अडलं.

"नाही?" बबनराव गंभीर झाले. "मग फेरविचार करावा लागेल. तुम्ही नक्की कोण, हे आम्हाला ठाऊकच नाही म्हणजे."

शेजारी बसलेल्या सुचेताने कोपराने ढोसलं.

"तसा... थोडाफार आहे," दशरथ म्हणाला.

"मग! मी काय सांगत होतो?" म्हणत बबनरावांनी सही ठोकली.